दारू दुकानाचे दार कोण उघडते, कोण बंद करते?

वस्तीत दारूचे नवे दुकान येणार अशी कुणकुण लागली की नागरिक निवेदन घेऊन प्रथम नगराध्यक्षांकडे धाव घेतात. महिला पालिकेसमोर ठिय्या देतात, मुख्याधिकाऱ्यांना घेराव घातला जातो, क्वचित सर्वसाधारण सभेत एकमताने ठरावही मंजूर होतो. त्यानंतर काही आठवड्यांनी दुकान सुरू झालेले दिसते आणि पालिकेने विश्वासघात केल्याची भावना पसरते. वस्तुस्थिती अशी की, महाराष्ट्रात दारूविक्रीची अनुज्ञप्ती देण्याचा अथवा रद्द करण्याचा अधिकार नगरपालिकेला नाहीच. बुलडाणा जिल्ह्यातील ११ नगरपरिषदा आणि मोताळा व संग्रामपूर या दोन नगरपंचायती यांपैकी कोणाच्याही कक्षेत हा विषय येत नाही. इमारतीचा बांधकाम परवाना, कर आणि स्वच्छता एवढ्यापुरताच पालिकेचा दुकानाशी संबंध. उपाहारगृह असेल तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना वेगळा लागतो. दारूचा निर्णय मात्र जिल्हाधिकारी कार्यालयात आणि राज्य उत्पादन शुल्क विभागात होतो.

इतर देशांत अशी स्थिती सर्वत्र नाही. इंग्लंडमध्ये २००३ च्या परवाना कायद्याने मद्यविक्रीचे परवाने देण्याचे काम स्थानिक कौन्सिलांकडे सोपविले. तेथे कौन्सिलच्या समितीपुढे शेजारपाजारच्या रहिवाशांना हरकत मांडता येते व तिची सुनावणीही होते. भारतात मद्य हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचा विषय. त्यावरील उत्पादन शुल्कही राज्याचेच. वस्तू व सेवा कर २०१७ मध्ये लागू झाला तेव्हाही पिण्याचे मद्य त्यातून वगळण्यात आले. राज्याच्या तिजोरीत मोठी भर घालणाऱ्या या विषयाची किल्ली कोणतेही राज्य सरकार सहजासहजी पालिकेच्या हाती देणार नाही, हे उघड आहे.

दारूबंदीच्या कायद्याखाली दारूविक्री

या व्यवस्थेतील पहिली विसंगती कायद्याच्या नावातच आहे. राज्यातील सर्व परवाने ज्या कायद्याखाली दिले जातात त्याचे नाव 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम' असे आहे. मूळ 'मुंबई दारूबंदी अधिनियम' १९४९ चा. मोरारजी देसाई यांच्या आग्रहातून तत्कालीन मुंबई प्रांतात संपूर्ण दारूबंदी आली, ती राबविण्यासाठी हा कायदा झाला. त्याला आव्हान देणाऱ्या बलसारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये औषधी व प्रसाधनाच्या द्रव्यांसंबंधीच्या काही तरतुदी रद्द ठरविल्या, परंतु कायद्याचा मुख्य गाभा कायम ठेवला. बुलडाणा जिल्हा त्या वेळी मुंबई प्रांतात नव्हता. वऱ्हाडचा भाग म्हणून तो मध्य प्रांतात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५९ च्या दुरुस्तीने हा कायदा विदर्भालाही लागू झाला.

पुढे धोरण सैल झाले, कायदा मात्र तोच राहिला. मद्य बाळगणे व पिणे हा मुळात गुन्हा, आणि परवाना असेल तर त्या गुन्ह्यातून सूट, अशी त्याची रचना आहे. 'परमिट रूम' हे नाव त्यातूनच आले. ज्याच्याकडे पिण्याचे परमिट आहे त्यानेच तेथे बसावे, अशी कल्पना होती. विदेशी मद्याचे वार्षिक वा आजन्म परमिट आजही मिळते, एका दिवसाचेही मिळते. बिअरसाठी २१ व अन्य मद्यासाठी २५ वर्षे ही वयाची अटही कायम आहे. बारमध्ये बसलेल्या ग्राहकाला परमिट विचारले जाण्याचा प्रसंग मात्र विरळाच. कागदोपत्री सर्वांकडे परमिट असते, एवढेच म्हणता येईल.

विदेशी मद्याचे नियम १९५३ चे, तर देशी दारूचे १९७३ चे. त्यानुसार अनुज्ञप्तींना ठरावीक संक्षिप्त नावे आहेत. ज्याला सर्वसामान्य माणूस 'वाइन शॉप' म्हणतो ते सीलबंद विदेशी मद्याच्या किरकोळ विक्रीचे दुकान म्हणजे 'एफएल-२'. परमिट रूम म्हणजे 'एफएल-३', क्लब म्हणजे 'एफएल-४', बिअर शॉपी म्हणजे 'एफएल-बीआर-२' आणि गावोगावी दिसणारे देशी दारूचे किरकोळ दुकान म्हणजे 'सीएल-३'. तक्रार अर्जात दुकानाचा हा प्रकार व अनुज्ञप्ती क्रमांक नमूद केला तर अर्ज फिरत राहत नाही. हा क्रमांक दुकानाच्या दर्शनी फलकावर लिहिलेला असतो.

अनुज्ञप्तीचा मार्ग

जिल्ह्यात राज्य उत्पादन शुल्क अधीक्षक हा विभागप्रमुख असतो. त्याच्या हाताखाली निरीक्षक, दुय्यम निरीक्षक, सहायक दुय्यम निरीक्षक व जवान अशी उतरंड असते. अर्ज आल्यावर निरीक्षक जागेची प्रत्यक्ष पाहणी करतो, पोलिसांकडून अर्जदाराच्या चारित्र्याचा व कायदा-सुव्यवस्थेचा अहवाल मागविला जातो, आणि अधीक्षकांमार्फत प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांपुढे जातो. ग्रामीण भागात नव्या अनुज्ञप्तीसाठी ग्रामसभेच्या ठरावाला महत्त्व आहे. शहरात तसे व्यासपीठच नाही. प्रभागातील रहिवाशांना आपले म्हणणे मांडण्यासाठी निवेदनाखेरीज फारसा मार्ग नव्हता. गृहनिर्माण संस्थेच्या आवारात नवे बिअर शॉप वा दारू दुकान काढण्यासाठी त्या संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र आवश्यक राहील, असे शासनाने मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर केले. पुण्या-मुंबईच्या संकुलांना त्याचा उपयोग होईल. चिखली किंवा नांदुऱ्याच्या बाजारपेठेतील गाळ्यांच्या रांगेत मात्र गृहनिर्माण संस्था फारशा नसतात.

सर्वाधिक वाद होतो तो अंतरावरून. शैक्षणिक संस्था, धार्मिक स्थळ आणि राज्य परिवहनचे बसस्थानक यांपासून दुकान ठरावीक अंतरावर असले पाहिजे, असा नियम आहे. हे अंतर पक्षी उडेल तसे सरळ रेषेत मोजले जात नाही. दुकानाच्या प्रवेशद्वाराच्या मध्यापासून संस्थेच्या जवळच्या दाराच्या मध्यापर्यंत, पादचारी ज्या वाटेने सहज जाईल त्या वाटेने ते मोजतात. त्यामुळे शाळेच्या भिंतीला खेटून असलेले दुकानही नियमात बसू शकते, कारण शाळेचे फाटक पलीकडच्या रस्त्यावर असते. दुकानाचे दार एका बाजूने बुजवून दुसऱ्या बाजूने उघडण्याची युक्ती यातूनच सुचते. हरकत घेणाऱ्यांनी म्हणूनच 'दुकान शाळेजवळ आहे' एवढेच लिहून थांबू नये. मोजणीच्या वेळी हजर राहण्याची मागणी करावी, आणि मोजणीचा नकाशा व पंचनामा माहितीच्या अधिकारात मागावा.

वाइन शॉप आणि देशी दारू दुकानांच्या नव्या अनुज्ञप्ती देणे राज्याने १९७० च्या दशकातच थांबविले. याचा अर्थ दुकाने वाढली नाहीत असा कोणी घेऊ नये. परमिट रूम आणि बिअर शॉपींना ही बंदी लागू नव्हती, त्या वाढतच राहिल्या. जुन्या अनुज्ञप्तींना मात्र सोन्याचे मोल आले. त्या वारसाहक्काने, भागीदारीने हस्तांतरित होऊ लागल्या आणि जेथे धंदा कमी तेथून जेथे गर्दी जास्त तेथे त्यांचे स्थलांतर होऊ लागले. नागरिक ज्याला 'नवे दुकान' समजून विरोध करतात ते बहुधा असे स्थलांतरित जुने दुकान असते. विरोधाचे अर्ज 'नवीन परवाना देऊ नये' अशा शब्दांत लिहिलेले असले की 'नवीन परवाना दिलेलाच नाही' असे खरे पण निरुपयोगी उत्तर हाती पडते. २०२५ मध्ये मद्य उत्पादक कंपन्यांना ३२८ नव्या किरकोळ अनुज्ञप्ती देण्याचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा ही जुनी गोठवणूक राज्यभर चर्चेचा विषय झाली.

महामार्गाचा धडा

सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने ही सारी व्यवस्था कशी हलली, हे बुलडाण्यासारख्या जिल्ह्याने जवळून पाहिले. १५ डिसेंबर २०१६ रोजी न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतील दारू दुकाने बंद करण्याचा आदेश दिला. मद्यपी चालकांमुळे होणारे अपघात हे त्याचे कारण. मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग मलकापूर, नांदुरा व खामगाव या भागातून जातो. मलकापूर-बुलडाणा-चिखली-देऊळगावराजा हा मार्ग तर शहरेच जोडतो. वऱ्हाडातील बाजारपेठा मुळात रस्त्याच्या कडेनेच वाढल्या. त्यामुळे १ एप्रिल २०१७ रोजी आदेश अमलात आला तेव्हा अशा शहरांतील दुकानांना टाळे लागणे अपरिहार्य होते.

त्याच्या आदल्या दिवशी, ३१ मार्च रोजी, न्यायालयाने २० हजारांपर्यंत लोकसंख्येच्या स्थानिक संस्थांच्या हद्दीत हे अंतर २२० मीटर केले होते. मग रस्त्यांचे वर्गीकरण बदलण्याची मागणी सुरू झाली. शहरातून जाणारा रस्ता राज्य महामार्ग न राहता पालिकेचा झाला की दुकान पुन्हा उघडता येणार होते. शेजारच्या जळगाव आणि विदर्भातील यवतमाळ या शहरांतील रस्त्यांचा प्रश्न त्या काळात गाजला. जो रस्ता दुरुस्त करण्यास पालिकेकडे एरवी निधी नसतो तो ताब्यात घेण्याची एकाएकी निकड का भासावी, हा नागरिकांचा सवाल रास्तच होता. जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने पालिका हद्दीतील दुकानांना हा आदेश लागू नसल्याचे स्पष्ट केले. फेब्रुवारी २०१८ मध्ये शहरालगतच्या ग्रामपंचायत क्षेत्रांबाबतचा निर्णय राज्यांवर सोपविला आणि बहुतेक दुकाने पूर्वपदावर आली. तरीही एक गोष्ट सिद्ध झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या खोडे डिस्टिलरीज प्रकरणात म्हटल्याप्रमाणे मद्यविक्री हा कोणाचाही मूलभूत हक्क नाही, आणि शासनाने वा न्यायालयाने ठरविले तर एका रात्रीत दुकाने बंद होऊ शकतात.

छापा, सडवा आणि साक्षीदार

परवानाधारक दुकानावर देखरेख हे एक काम, विनापरवाना दारू पकडणे हे दुसरे. पहिल्यात निरीक्षक साठा नोंदवही, वाहतूक पास, नोकरांचे नोकरनामे, विक्रीची वेळ आणि छापील किंमत तपासतो. त्रुटी आढळल्यास विसंगती प्रकरण नोंदवून ते जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवले जाते. कलम ५४ खाली अनुज्ञप्ती निलंबित अथवा रद्द करण्याचा अधिकार आहे. प्रत्यक्षात प्रकरण पुष्कळदा दंड भरून मिटते आणि दुकानदार तो दंड धंद्याचा खर्च म्हणून धरतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध राज्य उत्पादन शुल्क आयुक्तांकडे अपील, त्यानंतर शासनाकडे पुनरीक्षण व शेवटी बुलडाणा जिल्ह्यापुरते उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ, असा पुढचा मार्ग आहे. दरम्यान स्थगिती मिळाली की दुकान चालूच राहते.

दुसरे काम अधिक कष्टाचे. जळगाव जामोद व संग्रामपूर हे तालुके सातपुड्याच्या पायथ्याशी आहेत. पलीकडे मध्य प्रदेशचा बऱ्हाणपूर जिल्हा. या पट्ट्यात मोहफुले मुबलक आणि हातभट्टीची परंपरा जुनी. मोहफुले वा गूळ, नवसागर व पाणी यांचा सडवा ड्रममध्ये कुजवून तो नाल्याकाठी, झुडपांत लपविला जातो. छापा पडतो तेव्हा बहुतेक वेळा माणूस पळालेला असतो. ड्रम फोडून सडवा जागीच ओतला जातो आणि गुन्हा 'बेवारस' म्हणून नोंदला जातो. विभागाच्या प्रसिद्धिपत्रकांत 'वारस' व 'बेवारस' गुन्ह्यांची वेगवेगळी संख्या दिलेली असते, ती वाचकांनी नीट पाहावी. आरोपी हाती लागला तो वारस गुन्हा. बेवारस गुन्ह्यात मुद्देमाल नष्ट होतो, पण न्यायालयापुढे उभे करण्यास कोणी नसतो. सीमेपलीकडून कमी करभाराचे मद्य आणण्याचा प्रश्न तर कोणत्याही दोन राज्यांच्या सीमेवर असतोच. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राने विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क निर्मिती मूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट करण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर दोन राज्यांतील दराची दरी रुंदावली, तर नाक्यांवरचा ताणही वाढणारच.

पोलीस ठाण्यांनाही या कायद्याखाली कारवाईचे पूर्ण अधिकार आहेत. 'कलम ६५ ई' हा शब्दप्रयोग ग्रामीण भागात शाळकरी मुलांनाही ठाऊक झाला आहे. ढाब्यावर बेकायदा मद्यपानाची सोय केल्यास मालकावर कलम ६८ आणि तेथे बसून पिणाऱ्यांवर कलम ८४ लागते. पकडलेला विक्रेता संध्याकाळपर्यंत सुटून आला आणि पुन्हा त्याच ओट्यावर बसला, ही गावकऱ्यांची नेहमीची तक्रार आहे. तिच्यामागे दरवेळी लाचलुचपत असतेच असे नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेशकुमार प्रकरणात बजावले आहे. दारूचे गुन्हे त्यातच मोडतात. आरोपीला नोटीस देऊन सोडावे लागते.

खरा खेळखंडोबा पुढे, खटल्यात होतो. नमुन्याच्या बाटलीवरील लाखेची मोहोर, तो प्रयोगशाळेत पोचण्यास लागलेले दिवस, रासायनिक पृथक्करणाचा अहवाल, आणि पंच. गावातला पंच गावातल्याच विक्रेत्याविरुद्ध चार-पाच वर्षांनी साक्ष देण्यास उभा राहतो तेव्हा तो फितूर होण्याची शक्यता अधिक. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण आवश्यक केले. पंचावरचा भार त्यामुळे काहीसा हलका होईल, अशी अपेक्षा आहे. वारंवार गुन्हे करणाऱ्यांसाठी कलम ९३ चे चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र, तडीपारी आणि अखेरचे हत्यार म्हणून १९८१ च्या एमपीडीए कायद्याखाली हातभट्टीवाल्याची एक वर्षापर्यंत स्थानबद्धता, अशी चढती पायरी आहे. ढिलाईची किंमत काय असते ते मुंबईत मालवणी येथे जून २०१५ मध्ये दिसले. मिथेनॉलमिश्रित दारूने तेथे शंभराहून अधिक बळी घेतले. मेलेले बहुतेक हातावर पोट असणारे होते.

मनुष्यबळ हा या विभागाचा जुना दुखणाईत भाग. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने विभागाच्या पुनर्रचनेस मान्यता देऊन १,२२३ नवी पदे मंजूर केली, परंतु नव्या अधीक्षक कार्यालयांसाठी निवड झाली ती मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर व अहिल्यानगरची. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २६ लाख लोकसंख्या आणि १३ तालुके असलेल्या बुलडाणा जिल्ह्याचा कारभार एकाच अधीक्षकाकडे राहिला.

आडवी बाटली

नागरिकांच्या हातातील सर्वात थेट साधन म्हणजे मतदान. २००८ च्या शासन आदेशानुसार गावातील एकूण महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी किमान २५ टक्के मतदारांनी सहीनिशी मागणी केली, तर सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोन चिन्हे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहावे, आडवी बाटली म्हणजे बंद व्हावे. नंतर ही सोय नगरपालिका व महापालिकांच्या प्रभागांनाही मिळाली.

कागदावर हे सोपे दिसते. अडचण निम्म्याहून अधिकच्या अटीत आहे. झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील एकूण मतदारांच्या ५० टक्क्यांहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे १,००० महिलांच्या यादीत ६०० जणींनी मतदान केले आणि त्यातील ४९० जणींनी आडवी बाटली निवडली, तरी दुकान चालूच राहते. जी मतदार मरण पावली पण नाव कमी झाले नाही, जी लग्न होऊन गेली, जी पोटासाठी कुटुंबासह सुरत-पुण्याकडे गेली, त्या साऱ्या जणींची मते आपोआप उभ्या बाटलीच्या पारड्यात जमा होतात. घाटाखालच्या आणि घाटावरच्या अनेक गावांत हंगामी स्थलांतर ही दरवर्षीची गोष्ट आहे. आमदार, खासदार निवडताना अशी अट नसते. म्हणून मतदानाची मागणी करण्यापूर्वी मतदारयादीची दुरुस्ती करून घेणे आणि मतदानाची तारीख सुगीत वा स्थलांतराच्या काळात न येईल याचा आग्रह धरणे, हे मोर्चा काढण्याइतकेच महत्त्वाचे ठरते. पडताळणीच्या वेळी सही करणाऱ्या महिलेला ओळख पटवावी लागते. त्या दिवशी मजुरी बुडते, घरातून दबाव येतो, आणि तेथेच कित्येक मागण्या बारगळतात.

मतदानाने बंद होते ते परवानाधारक दुकान. दुसऱ्या दिवसापासून पिशवीतून नव्वद मिलीच्या शिशा विकणारा कोणी उभा राहिला तर तो प्रश्न पुन्हा पोलिसांचा. यासाठी २०१६ च्या कायदादुरुस्तीने ग्रामरक्षक दलाची तरतूद केली. ज्येष्ठ समाजसेवक अण्णा हजारे यांनी तिचा पाठपुरावा केला होता. ग्रामसभेच्या ठरावाने असे दल स्थापन करता येते आणि त्याने दिलेल्या माहितीवर यंत्रणेने १२ तासांच्या आत कारवाई करावी, असे बंधन आहे. शहरी प्रभागांसाठी अशी तरतूद नाही.

जिल्हाच दारूमुक्त करावा, ही मागणी बुलडाण्यातही महिला संघटनांनी अनेकदा केली. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून व गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ रोजी बंदी लागू झाली तेव्हा विदर्भातील अन्य जिल्ह्यांच्या आंदोलनांना बळ आले. मात्र रमानाथ झा समितीच्या अहवालानंतर मंत्रिमंडळाने मे २०२१ मध्ये चंद्रपूरची बंदी उठविली. अवैध दारूचा सुळसुळाट व त्यात ओढल्या गेलेल्या स्त्रिया व मुले हे त्यासाठी दिलेले प्रमुख कारण होते. बंदीच्या समर्थकांनी ते अमान्य केले. अंमलबजावणी न करता बंदीलाच दोष दिला, असे त्यांचे म्हणणे होते. दरम्यान सीमेपलीकडे मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर यांच्यासह १९ धार्मिक ठिकाणची दुकाने बंद केली. आषाढी-कार्तिकी एकादशी, अनंत चतुर्दशी, २ ऑक्टोबर आणि मतदानापूर्वीचे ४८ तास असे 'ड्राय डे' महाराष्ट्रात सर्वत्र पाळले जातात. शांतताभंगाची शक्यता वाटल्यास कलम १४२ खाली जिल्हाधिकारी एखाद्या शहरापुरती वा रस्त्यापुरतीही दुकाने बंद ठेवू शकतात. शेगावसारख्या तीर्थक्षेत्री गर्दीच्या दिवसांत या अधिकाराचा वापर व्हावा यासाठी अर्ज करायचा असेल, तर तो पालिकेकडे नव्हे, जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे आणि अधीक्षकांना प्रत देऊन करावा लागतो.